पहाटेचं पाणी आणि दुपारचं पाणी
तळ्याकाठी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात अकरा पत्रं आली, त्यांतल्या सातांत चुन्याचा उल्लेख आहे. कुणी टाकलाय, कुणी टाकणार आहे, कुणाच्या मेव्हण्याने टाकायला सांगितलाय. म्हणून सगळ्यात सविस्तर पत्र आधी घेते. बाकीच्यांनी त्यातच आपलं उत्तर शोधावं.

प्रश्न : बाई, वाळवा तालुक्यात आमचं वीस गुंठ्यांचं कच्चं तळं आहे, छातीइतकं पाणी. रोहू, कटला, मृगल मिळून दोन हजार बोटुकली सोडली होती, पाऊण किलोपर्यंत आली. भाद्रपदात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. तीसेक कटला मेले. खाद्याच्या दुकानात म्हणाले, पाणी नासलंय, चुना मारा. दुपारी उघडीप मिळाल्यावर पन्नास किलो कळीचा चुना विरवून फेकला. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर मासे गेले, लहान-मोठे सगळे. मग पाणी तपासायची किट आणून बघितलं : सामू (पीएच) साडेनऊ, अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम. चुना भेसळीचा असेल का?

उत्तर : नाही हो, चुना अस्सल होता, तिथंच घात झाला. भेसळीचा असता तर थोडे मासे वाचले असते.

तुमच्याकडे एकाच दिवसात दोन वेगवेगळी मरणं झाली, आणि तुम्ही दोन्ही एकाच खात्यावर मांडलीत. पहाटेचे तीस कटला प्राणवायूवाचून गेले. खूण तुमच्याच पत्रात आहे. तोंड वर काढून मेले, आणि मेले ते अंगाने मोठे. प्राणवायू कमी पडला की मोठा मासा आधी जातो, लहान तगून राहतात. संध्याकाळी मात्र लहान-मोठं असं काही उरलं नाही, सरसकट गेले. सरसकट मरतात तेव्हा पाण्यात विष आहे असं समजायचं.

पहाटेचं आधी बघू. तळ्यातलं हिरवेपण म्हणजे बारीक शेवाळ, आपण ज्याला प्लवंग म्हणतो ते. दिवसा ऊन असलं की ते प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाच्या गाळातले जिवाणू, सगळे मिळून तो वापरतात. दिवसाची कमाई आणि रात्रीचा खर्च. तीन दिवस ढग राहिले म्हणजे तीन दिवस कमाई बुडाली आणि खर्च तसाच चालू राहिला. शिल्लक सगळ्यात कमी कधी? सूर्य उगवायच्या जरा आधी. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला की आपले मासे सुखात असतात. ३ च्या खाली गेला की खाणं टाकतात, १ च्या आसपास आला की मरायला लागतात.

हे मी तेहतीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहिलं. पानात दिवसा काय होतं, रात्री काय होतं, बाण काढून. आणि निवृत्तीनंतर पलूस तालुक्यातल्या आमच्या क्षारपड रानात, जिथं ऊस यायचा बंद झाला होता आणि उन्हाळ्यात पांढरं मीठ फुलायचं, तिथं बावीस गुंठ्यांचं तळं काढलं तेव्हा त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. पहिलं वर्षभर दर रविवारी सकाळी दहाला, चहा झाल्यावर, मी पाणी तपासायचे. वही इतकी सुबक की कुणाला दाखवावी. प्राणवायू ७, सामू ८. पुढच्या रविवारी प्राणवायू ७, सामू ८. सप्टेंबरात एकदा राखणीला असलेले मामा म्हणाले, "बाई, मासं पहाटचं जांभया देत्यात." मी वही उघडून दाखवली. मामांना वाचता येत नाही, त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसले. चार दिवसांनी ऐंशी कटला बांधाला लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बॅटरी घेऊन गेले. प्राणवायू मोजायची जुनी रीत अशी : काचेच्या बुचाच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, त्यात मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायचं. प्राणवायू असला तर साका तपकिरी येतो, नसला तर पांढरा. शाळेत आम्ही हा प्रयोग नळाच्या पाण्यावर करायचो, तिथं साका नेहमी तपकिरी. पुस्तकातला पांढरा साका मुलांना मी कधी दाखवूच शकले नव्हते. त्या पहाटे बॅटरीच्या उजेडात तो बाटलीत हळूहळू खाली बसताना बघितला, दह्यासारखा पांढरा. दुपारी साडेतीनला त्याच जागेचं पाणी घेतलं तर गडद तपकिरी. तेव्हापासून रविवारी दहाचं मोजमाप बंद. पहाटे साडेपाचला एकदा आणि दुपारी साडेतीनला एकदा. मधल्या वेळेचा आकडा मी वहीत लिहीतच नाही.

आता तुमची दुपार. मासा खाल्लेल्यातलं नत्र कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात टाकतो. तीस टक्के प्रथिनाचं एक किलो खाद्य तळ्यात पडलं की अंदाजे पंचवीस-तीस ग्रॅम अमोनिया नत्र पाण्यात येतं. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं त्याहून जास्त, म्हणजे तिचा हिशेब आणखी वर. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ते माशाला फारसं बाधत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, तो कल्ले जाळतो. किटवर जो आकडा येतो तो दोन्हींची बेरीज. त्यातला मुक्त किती, हे सामू ठरवतो आणि थोडंफार तापमान.

तुमचाच आकडा धरू. एकूण २, पाणी २८ अंश. पहाटे सामू साडेसात असेल तर शंभरातला दोनच भाग मुक्त, म्हणजे ०.०४. कल्ल्यांना त्रास सुरू होतो तो साधारण ०.०५ पासून. म्हणजे मासे काठावर होते, पण होते. सामू साडेनऊ झाला की शंभरातले जवळपास सत्तर भाग मुक्त होतात. ०.०४ चा झाला १.४. पाण्यात अमोनिया एक थेंबही वाढला नाही, होता तोच उलटला.

सामू साडेनऊला कसा गेला? अर्धा शेवाळाने नेला. तीन दिवसांनी ऊन पडलं, शेवाळाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड भराभर ओढला. तो आम्लधर्मी, तो गेला की सामू चढतो. कुठल्याही हिरव्या तळ्यात दुपारी तीन-साडेतीनला सामू पहाटेपेक्षा वर असतोच. त्याच वेळेला तुम्ही वरून कळीचा चुना ओतलात. पहाटे सहाला टाकला असता तर? तेव्हाही टाकू नकाच म्हणेन, पण इतके गेले नसते.

कृष्णाकाठच्या काळ्या रानातल्या पाण्यात चुन्याचा अंश मुळातच भरपूर असतो. माझ्या तळ्याची अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, लिटरला २१० मिलिग्रॅम आहे, माशांना ५० ते १५० असली तरी पुष्कळ. तुमचीही मोजा. शंभराच्या वर आली तर चुन्याचं पोतं रंगकामाला ठेवा.

आत्ता काय करायचं? मेलेले मासे काढून लांब पुरा, ते कुजले की पुन्हा अमोनियाच. खाद्य चार दिवस पूर्ण बंद. मासा चार दिवस उपाशी मरत नाही, याची खात्री बाळगा, आमच्याकडच्या बायाबापड्यांना तळ्यातल्या माशांची भूक फार दिसते. विहिरीचं किंवा नदीचं चांगलं पाणी असेल तर थोडं थोडं बदला. सामू उतरवायला तुरटी, ॲसिड असलं काही नको, रात्री तो आपोआप खाली येतो. पुढच्या झडीत दुसऱ्या दिवसापासूनच खाद्य निम्मं करा आणि रात्री दोन-तीनला मोटर लावून तळ्याचंच पाणी उचलून तळ्यात फेका. पाइपच्या तोंडापुढं एक उलटी पाटी बांधली की पाणी फुटून पडतं, तेच हवं. मासे वर आल्यावर मोटर शोधायला जायचं नाही. त्या आठवड्यात विजेची पाळी दिवसाची असेल तर डिझेल इंजिन आदल्या संध्याकाळीच बांधावर आणून ठेवा.

आणि खाद्याच्या दुकानात खाद्य घ्या. औषध विचारू नका.

प्रश्न : पाटण तालुक्यात डोंगराच्या उताराला तळं केलंय. झऱ्याचं पाणी, लाल माती. पाणी आरशासारखं, तळाचा खडा दिसतो. तरी मासा वर्षात पाव किलोच्या पुढे जात नाही. शेण टाकलं, युरिया टाकला, पाणी जरा हिरवं होतं आणि चार दिवसांत पुन्हा स्वच्छ. चुना टाकावा का? तुम्ही नेहमी त्याच्या विरुद्ध लिहिता.

उत्तर : तुम्ही टाका. वाळव्याचं उत्तर वाचून घाबरू नका, ते पाणी वेगळं आणि तुमचं वेगळं.

जांभ्यावरून, लाल मातीतून उतरलेलं पावसाचं पाणी म्हणजे जवळजवळ कोरं पाणी. किटवर अल्कलिनिटी मोजली तर वीसच्या आत आली तरी मला नवल वाटणार नाही. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, घरातली कणगी म्हणा. शेवाळाला कार्बन लागतो तो यातून मिळतो, आणि सामूला फार खालीवर होऊ न देणंही याच साठ्याचं काम. कणगी रिकामी असली की पहाटे साडेसहा आणि दुपारी साडेनऊ असे झोके बसतात, तेही थोड्याशा शेवाळावर.

पण त्याआधी एक विचारते, झरा तळ्यातून सतत वाहतो का? तुमच्या पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण चार दिवसांत स्वच्छ होतं म्हणालात त्यावरून वाटतंय. वाहत असेल तर तुम्ही टाकलेलं शेण आणि युरिया सांडव्यावरून कोयनेकडे निघून गेलं. चुनाही जाईल. आधी झरा बाजूने वळवा, आटलं तेवढंच पाणी आत घ्या.

मग कळीचा चुना नाही, चुनखडीची पूड. ती सामू फार चढू देत नाही, साधारण सव्वाआठच्या आसपास थांबते, म्हणून मासे असतानाही टाकता येते. गुंठ्याला वीस किलोपर्यंत, सगळ्या तळ्यावर सारखी. तीन आठवडे थांबून अल्कलिनिटी मोजा, पन्नासच्या वर आली की शेण आणि सुपर फॉस्फेट सुरू करा. चुनखडी आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी टाकायचं नाही, फॉस्फरस चुन्याबरोबर तळाला बसतो आणि पैसे गाळात जातात. युरिया मी तरी टाकणार नाही.

पाणी पुरेसं हिरवं झालं का, ते हात कोपरापर्यंत बुडवून बघा. तळवा जेमतेम दिसेनासा व्हायला हवा. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर जास्त झालं, मग तुमचीही भाद्रपदातली पहाट वाळव्यासारखी.

स्वच्छ पाणी माणसाला प्यायला. माशाला त्यात खायला काही नाही.

प्रश्न : आटपाडी तालुका. प्लॅस्टिकच्या अस्तराचं शेततळं, वीस लाख लिटर, टेंभू उपसा योजनेचं पाणी भरलं. दोन महिन्यांपूर्वी रोहू-कटला सोडले. एरेटर रात्रभर चालतो, तरी मासे वर येऊन धापा टाकतात. प्राणवायू मोजला, पहाटेचा ५. अमोनिया जवळपास शून्य. मग काय बिघडलंय? तळ्यावर डाळिंब आहे, म्हणून काही टाकायला भीती वाटते.

उत्तर : प्राणवायू पहाटेचा मोजलात, त्याबद्दल आधी शाबासकी.

एक मासा काढा आणि कल्ल्याचं झाकण उचलून बघा. लालबुंद हवेत. चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी दिसले तर नायट्राइट. रक्तातलं हिमोग्लोबिन नायट्राइटमुळे बदलतं आणि मग ते प्राणवायू उचलत नाही. बाहेर पाण्यात प्राणवायू आहे, मासा श्वासही घेतोय, पण आत पोचत नाही. तुमचा एरेटर दारापर्यंत माल आणून देतोय, घरात घ्यायला कुणी नाही.

नव्या अस्तराच्या तळ्यात हे हमखास होतं. अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे, आणि नायट्राइटचं निरुपद्रवी नायट्रेट करणारे वेगळे. दुसरे सावकाश वाढतात. मातीच्या तळ्यात गाळात त्यांची वस्ती असते, प्लॅस्टिकवर काय असणार? दुधाला विरजण लागलेलं नाही, असं समजा. तोवर मधल्या मध्ये नायट्राइट साठतं. तुमचा अमोनिया शून्य आला तो त्यामुळेच, पहिली टोळी कामाला लागलीये.

उपाय मिठाचा. क्लोराइड असलं की ते कल्ल्यापाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही. नायट्राइटच्या कमीत कमी दहापट क्लोराइड हवं. तुमचं नायट्राइट लिटरला २ मिलिग्रॅम आलं असं धरू. मग क्लोराइड २० हवं, वीस लाख लिटरला ४० किलो. मिठात क्लोराइड साठ टक्के, म्हणजे ६७ किलो मीठ. मी ७५ टाकेन. साधं खडे मीठ, बादल्यांत विरवून, सगळीकडे. बोअरचं पाणी असतं तर त्यात आधीच क्लोराइड असतं, आधी तेवढं वजा करायला सांगितलं असतं. टेंभूचं पाणी कृष्णेचं, त्यात ते कमी.

डाळिंबाची भीती नको. ७५ किलो वीस लाख लिटरमध्ये म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमसुद्धा नाही. तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात याच्या कितीतरी पट मीठ असतं आणि ते तुम्ही बिनदिक्कत ठिबकला जोडता.

मिठाने रक्त दुरुस्त व्हायला एक-दोन दिवस लागतात, तोवर जाळं घालू नका, विक्रीला मासे काढू नका, दमवू नका. खाद्य निम्मं. आणि कुणा जुन्या, निरोगी मातीच्या तळ्यातला दोन बादल्या गाळ मिळाला तर आणून टाका. त्याबरोबर दुसऱ्याचा रोगही येऊ शकतो, म्हणून तळं माहितीतलं हवं.

प्रश्न : तासगावहून. घरच्या फिल्टरवाल्याने टीडीएसचा पेन दिला होता, तो तळ्यात बुडवला. ३८० दाखवतो. पाणी चांगलं ना?

उत्तर : तुमची द्राक्षबाग असणार. देठ परीक्षण का करता? पानं तराजूत टाकून वजन घेतलं तर पालाश किती ते कळेल का? तो पेन एकूण क्षारांचं वजन सांगतो, कुठले ते नाही. ३८० माशांना ठीकच आहे. पण त्या ३८० मध्ये अमोनिया ०.१ आहे की ३, ते त्याला कळत नाही, आणि प्राणवायू तर त्याच्या गावीही नाही. थेंबांची किट घ्या, सामू, अमोनिया, नायट्राइट आणि अल्कलिनिटी. बाटलीवरची मुदत बघून घ्या.

प्रश्न : जत. बोअरचं पाणी तळ्यात सोडलं की पाइपच्या तोंडाजवळचे मासे कलंडतात. पाणी गोडं आहे.

उत्तर : चवीचा संबंध नाही. खोलवरच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. पाइप पाण्यात बुडवून ठेवू नका. चार-पाच फुटांवर उचला, खाली भोकं पाडलेला पत्रा किंवा दगडांची रास ठेवा, त्यावरून पाणी फुटत येऊ द्या. पत्र्यावर चार दिवसांत तांबूस थर चढला तर लोह आहे. मग आधी खड्ड्यात साठवून, निवळून मग आत घ्या, नाहीतर तोच थर कल्ल्यांवर चढेल.

प्रश्न : आमच्या तळ्याचं पाणी बाटलीत भरून एसटीने पाठवू का? तुम्हीच तपासून सांगा.

उत्तर : आधीच तिघांनी पाठवलंय. एक कोल्ड्रिंकची बाटली, तळाशी थोडं कोल्ड्रिंक राहिलेलं. एकीत मेलेला मासाही होता, ती कचेरीत पाच दिवस पडून होती, संपादक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

प्राणवायू आणि सामू पार्सलने येत नाहीत. बाटलीतलं शेवाळ अंधारात श्वास घेत राहतं, माझ्यापर्यंत पोचतं ते तुमच्या तळ्याचं पाणी नसतं. अमोनियाही बदलतो. ते तिथंच, बांधावर, पहाटे आणि दुपारी मोजायचं. जडपणा आणि अल्कलिनिटी मात्र एक-दोन दिवस टिकतात, तेवढ्यासाठी पाठवा. पाण्याची नवी बाटली घ्या, तळ्याच्याच पाण्याने तीनदा खंगाळा, हात कोपरापर्यंत खाली घालून पाण्यातच भरा आणि पाण्यातच बूच लावा, वर हवा राहू द्यायची नाही. फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी चालणार नाही. बाटलीवर तारीख आणि पाणी किती वाजता काढलं ते लिहा, आणि पाठवायची ती सोमवारी पाठवा, शनिवारी नको.